पाठमोऱ्या तोंडाचा शंख

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण मराठी माणूस वापरतो ती वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतल्या गाठीच्या माणसासाठी. गंमत अशी की, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए याने १७९५ साली या प्राण्यांच्या वर्गाला जे नाव दिले, त्याचा शब्दशः अर्थ जवळजवळ हाच होतो. ज्यांचे पोट हाच पाय, ते गॅस्ट्रोपॉड; आपल्या परिभाषेत उदरपाद. म्हण रचणारा अनाम शेतकरी आणि पॅरिसचा पंडित, दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती. साम्य मात्र इथेच संपते. म्हणीला एकच गोगलगाय ठाऊक आहे. विज्ञानाला हजारो ठाऊक आहेत. लोकभाषेने एका शब्दात कोंबलेले प्राणी एकेक करून वेगळे काढायचे, आणि वेगळे काढल्यावर त्यांचे परस्परांशी नाते काय ते ठरवायचे, हे वर्गीकरणाचे काम. त्यातला पहिला भाग म्हणजे ओळख, दुसरा म्हणजे गोत्र. ही दोन कामे एकच आहेत असा आपला सर्वसाधारण समज असतो. ती एक नाहीत, हे सह्याद्रीतल्या एका इवल्याशा गोगलगायीच्या इतिहासातून फार स्पष्टपणे दिसते.

या गोगलगायीचे शास्त्रीय नाव 'ऑपिस्थोस्टोमा फेअरबँकी'. हे नाव तिला मिळाले १८६६ साली, लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात. नाव देणारा विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला अधिकारी. ज्याच्या नावावरून ते दिले तो सॅम्युअल बेकन फेअरबँक हा अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा पाद्री. आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, ती तांदळाच्या कणीएवढी.

नावाचा पूर्वार्ध ग्रीक आहे. 'ऑपिस्थो' म्हणजे मागे, 'स्टोमा' म्हणजे तोंड. पाठमोऱ्या तोंडाची, असा त्याचा अर्थ. या प्रजातीतल्या बहुतेक जाती एक ते तीन मिलिमीटरच्या आत-बाहेर असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना त्या मातीच्या खड्यासारख्या दिसतात. भिंग लावले की मात्र विलक्षण प्रकार दिसू लागतो. शंखाचे पहिले काही वेढे इतर कोणत्याही गोगलगायीसारखे शिस्तीत वाढत जातात. मग एके ठिकाणी नळी आवळल्यासारखी अरुंद होते, आणि त्यानंतरचा शेवटचा वेढा ठरलेली वाट सोडून देतो. तो उलटा फिरतो, वर चढतो आणि आपले तोंड शंखाच्या शेंड्याच्या बाजूला नेऊन उघडतो. एखाद्याने घर बांधत आणावे आणि शेवटच्या दिवशी दरवाजा अंगणाकडे न काढता छपराच्या बाजूला काढावा, तसे. वरून अंगभर बारीक उभ्या कण्या. इतक्या लहान जिवाने एवढी कारागिरी कशासाठी करावी, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही.

(पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द वाटेल तसा वापरला जातो. या लेखात विश्वकोशाची पद्धत स्वीकारली आहे: 'जाती' हा सर्वांत लहान गट, आणि जवळच्या जातींचा समूह म्हणजे 'प्रजाती'. 'ऑपिस्थोस्टोमा' ही प्रजाती, 'फेअरबँकी' ही तिच्यातली जाती.)

या कथेची सुरुवात सह्याद्रीत होत नाही. ती निलगिरीत होते. विल्यम ब्लॅनफर्ड आणि त्याचा धाकटा भाऊ हेन्री हे दोघेही लंडनच्या खाण-विद्यालयात शिकले आणि १८५५ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोकरीसाठी कलकत्त्यास आले. कोळशाचे साठे शोधणे, खडकांचे नकाशे करणे हे त्यांचे पगारी काम. हेन्रीच्या वाट्याला पुढे मद्रास इलाखा आला. १८७५ मध्ये तोच हेन्री हिंदुस्थान सरकारचा पहिला हवामान-अधिकारी झाला आणि मोसमी पावसाच्या अभ्यासात त्याचे नाव कायमचे राहिले. परंतु त्याआधी, १८६० साली, दोघा भावांनी एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात भारतीय मृदुकाय प्राण्यांवरील लेखमालेचा पहिला लेख लिहिला. त्यात त्यांनी निलगिरीतल्या एका सूक्ष्म शंखासाठी 'ऑपिस्थोस्टोमा' ही नवी प्रजाती स्थापन केली आणि जातीचे नाव ठेवले 'निलगिरिका'.

भूवैज्ञानिकांना गोगलगायींचा नाद लागावा हे वरवर चमत्कारिक वाटते. वस्तुतः ते अगदी स्वाभाविक होते. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर एकावर एक साचले, त्या लाव्हाच्या दोन थरांच्या दरम्यान जागोजागी गाळाचे पातळ थर सापडतात. त्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळतात. त्यांवरूनच हे ताडता आले की, लाव्हा समुद्राच्या तळाशी सांडला नाही. तो उघड्या जमिनीवर पसरला, आणि दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तिथे तळी साचली, त्यांत जीव नांदले. पश्चिम व मध्य भारतातल्या या थरांवर विल्यम ब्लॅनफर्डने १८६७ साली प्रबंध लिहिला. शंख हे त्याच्या लेखी खडकाचे वय सांगणारे लेख होते. असे लेख वाचायचे तर आजच्या जिवंत शंखांची लिपी आधी यायला हवी. तेव्हा दगडाच्या अभ्यासकाने पाचोळ्यात हात घातला यात नवल नाही.

आता मूळ अडचणीकडे येऊ. जमिनीवरच्या गोगलगायी वरून कितीही सारख्या दिसल्या तरी त्यांची दोन फार वेगळी घराणी आहेत. पावसाळ्यात आपण बागेत पाहतो त्या बहुतेक गोगलगायींना शिंगांच्या दोन जोड्या असतात आणि वरच्या जोडीच्या टोकांना डोळे असतात. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, आणि शंखाच्या तोंडाला झाकण नसते. दुसऱ्या घराण्याची रीत निराळी. शिंगांची एकच जोडी, डोळे शिंगांच्या मुळाशी, नर वेगळा, मादी वेगळी. आणि पायाच्या मागच्या भागावर चिकटलेली एक लहानशी चकती. प्राणी शंखात शिरला की ही चकती दारासारखी तोंडावर बसते. हे झाकणवाले घराणे तळ्या-ओढ्यांतल्या आणि भातखाचरांतल्या झाकण असणाऱ्या गोगलगायींच्या अधिक जवळचे आहे. पाण्यातून जमिनीवर येण्याचा प्रवास गोगलगायींनी एकदाच केलेला नाही. वेगवेगळ्या घराण्यांनी तो वेगवेगळ्या काळी, स्वतंत्रपणे केला. म्हणून एकाच दगडाखाली बसलेल्या दोन गोगलगायींचे नाते, वटवाघूळ आणि चिमणी यांच्या नात्याइतके दूरचे असू शकते.

रिकाम्या शंखावरून हे नाते नेहमी ठरवता येत नाही. प्राणी मेला की मांस कुजते, झाकण गळून पडते, आणि उरतो तो केवळ चुन्याचा सांगाडा. डोळे कुठे होते, शिंगे किती होती, दार होते की नव्हते, यांपैकी काहीच तो बोलत नाही. मग आकाराचा आधार घ्यावा तर तो फसवा. ब्राझीलमध्ये 'अॅनोस्टोमा' नावाची एक गोगलगाय आहे. तिचेही तोंड शेंड्याच्या दिशेने वर वळलेले असते. पाठमोरे तोंड हेच नात्याचे प्रमाण मानले, तर निलगिरी आणि ब्राझील येथील या दोघी सख्ख्या बहिणी ठरतील. प्रत्यक्षात अॅनोस्टोमा बिनझाकणाच्या घराण्यातली. एकच युक्ती दोन परक्या घराण्यांना स्वतंत्रपणे सुचली आहे. तेव्हा असा शंख हाती आल्यावर 'ही नवी आहे' एवढे खात्रीने म्हणता येते. 'ही कोणाची' याचे उत्तर द्यायला शंख पुरत नाही.

ब्लॅनफर्डच्या १८६६ च्या निबंधाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. त्याचे शीर्षक लांबलचक आहे, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यातच सगळा ऐवज सांगून टाकला आहे: ऑपिस्थोस्टोमाविषयी, सोबत मुंबईच्या आसपासच्या एका नव्या जातीचे वर्णन, आणि प्राण्याचे व झाकणाचे वर्णन. शेवटचे दोन शब्द निर्णायक आहेत. प्राणी आणि झाकण. आता प्रश्न केवळ शंखाचा राहिला नव्हता. जिवंत जीव पाहिला गेला होता, त्याच्या घराला दार होते, आणि त्या दाराने गोत्राचा निकाल लावला. आज ही प्रजाती झाकणवाल्यांच्या डिप्लोमॅटिनिडी या कुळात मोडते. निलगिरीच्या शंखाने प्रजातीला नाव दिले होते. तिचे नाते सांगायला मुंबईकडची जिवंत गोगलगाय कामी आली.

इथे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे ते असे की, वर्णनाची भाषा ही पाहणाऱ्याच्या हाताच्या स्थितीवर अवलंबून असते. आपल्याकडचे उदाहरण घेऊ. देवघरातला दक्षिणावर्ती शंख दुर्मिळ, म्हणून पवित्र. प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती तोच शंख दिला तर तो त्याला डावखुरा म्हणतो. दोघेही बरोबर असतात. प्राणिशास्त्रात शंखाचा शेंडा वर धरून, तोंड आपल्याकडे करून पाहण्याचा दंडक आहे. धार्मिक परंपरेत शंख उलट धरला जातो, त्याची नळी वर आणि शेंडा खाली. धरण्याची दिशा बदलली की उजवे ते डावे होते. याचा बोध असा की, 'उजवा', 'डावा', 'वर', 'मागे' हे गुण निव्वळ शंखाचे नसतात. ते एका संमत पद्धतीचे असतात. 'पाठमोरे तोंड' हेसुद्धा आपण शंख कसा धरला त्यावरून ठरलेले नाव. गोगलगायीच्या दृष्टीने तिचे तोंड जिथे असायला हवे तिथेच आहे. ती चालते तेव्हा पाठमोरी चालत नाही. म्हणूनच एका माणसाचे वर्णन दुसऱ्याला पडताळता यावे यासाठी धरण्याची रीत, मोजण्याची रीत आणि तुलनेसाठी जपलेला मूळ नमुना या तिन्ही गोष्टी लागतात. या मूळ नमुन्याला 'प्ररूप' म्हणतात. नावाविषयी वाद उद्भवला तर शब्दांपेक्षा त्या नमुन्याची साक्ष मोठी मानली जाते.

आता ज्याच्या नावाने ही जाती ओळखली जाते त्या माणसाविषयी. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत काम सुरू केले १८१३ साली, अहमदनगरला १८३१ साली. 'ज्ञानोदय' हे त्यांचे मराठी नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच निघाले. धर्मप्रचाराच्या जोडीने भूगोल, खगोल, प्राणी यांविषयीची माहितीही त्यातून मराठीत येत असे. फेअरबँक १८४६ साली या मिशनमध्ये आला आणि त्याच्या आयुष्याचा मोठा भाग नगर जिल्ह्यातल्या वडाळ्यास गेला. उपदेश, शाळा, दुष्काळ, खेड्यापाड्यांतली भटकंती हा त्याचा नित्यक्रम. त्यातून तो पक्षी, वनस्पती आणि शंख यांचा जाणकार झाला. १८७६ साली 'स्ट्रे फेदर्स' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात त्याची यादी प्रसिद्ध झाली: खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव या सह्याद्रीतल्या ठिकाणांच्या आसपासचे, तसेच दख्खनमध्ये अहमदनगरजवळचे पक्षी. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्यालाही ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये त्याचेच नाव दिले. एकाच माणसाचे नाव एका गाणाऱ्या पक्ष्याला आणि एका मुक्या गोगलगायीला मिळावे, हा मान थोड्यांना लाभतो.

ब्लॅनफर्ड आज नर्मदेकाठी, उद्या तापीच्या खोऱ्यात, १८६७ साली तर थेट अॅबिसिनियाच्या मोहिमेवर. त्याच्यापाशी तुलना करण्याची विद्या होती, पण एका जागी थांबायला वेळ नव्हता. फेअरबँकपाशी जागा होती. तो मराठी बोलत होता आणि पन्नास पावसाळ्यांचा इथला साक्षीदार होता. सूक्ष्म गोगलगाय पावसाळ्याचे काही महिने बाहेर येते; बाकीचे दिवस पाचोळ्यात, खडकाच्या फटीत दार लावून बसते. ती जिवंत हवी तर त्या प्रदेशात राहणारा कोणीतरी लागतो. एकोणिसाव्या शतकातले निसर्गविज्ञान अशा जोड्यांवर उभे होते: एक फिरता, एक स्थिर.

या जोडीच्या बाहेर मात्र अनेकजण होते आणि त्यांची नावे कुठल्याही जातीला मिळाली नाहीत. त्या काळात मुंबईहून सह्याद्री चढणे सोपे झाले ते बोरघाटातल्या रेल्वेमुळे. हा मार्ग १८६३ साली खुला झाला. १८६१ च्या सुमारास त्या घाटात एकाच वेळी सुमारे ४२,००० मजूर राबत होते, आणि रोगराईने व अपघातांनी किती मेले याची गणती कोणी धड ठेवली नाही. त्याच घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा हा धनगर, आणि वाट दाखवल्यावर त्याला ठार केले, अशी कथा सांगतात. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली तरी तिच्यातली तक्रार खरी आहे: वाट ठाऊक असणारा एक, आणि वाटेवर नाव कोरणारा दुसरा. शिंगरोबाला निदान देऊळ मिळाले. शंखाच्या वर्णनातही हाच उतार दिसतो. त्या काळी अशी वर्णने लॅटिनमध्ये आणि मग इंग्रजीत लिहिली जात. छापली जात कलकत्त्याला किंवा लंडनला, आणि नमुनेही जात तिथल्याच संग्रहालयांत. स्थळ सांगताना शीर्षकात लिहिले जाई 'मुंबईच्या आसपास'. डोंगराची ओळख बंदराच्या नावाने व्हावी, हे त्या काळच्या भूगोलाला साजेसेच होते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दिग्दर्शन' १८४० मध्येच निघाले होते. विज्ञान मराठीत लिहिता येते हे सिद्ध झालेले होते. तरी सह्याद्रीची ही गोगलगाय मराठीच्या अंगणातून निघून परभाषेत गेली, आणि आमच्या बोलीत 'गोगलगाय' हा एकच शब्द तिला पुरून उरला.

यावर केवळ गतकाळाला दोष देऊन थांबणे सोयीचे आहे, पण न्यायाचे नाही. ब्लॅनफर्ड आणि फेअरबँक यांनी नाव दिले नसते, तर आज आपण कशाविषयी बोलत आहोत हेच आपल्याला सांगता आले नसते. खरा प्रश्न नंतरचा आहे. ब्लॅनफर्ड १९०५ साली वारला तेव्हा 'द फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेतला त्याचा मृदुकाय प्राण्यांवरील खंड अपुरा होता. गॉडविन-ऑस्टिनने तो पुरा करून १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. गूड याने १९१४ आणि १९२१ मध्ये पुढचे दोन खंड लिहिले, आणि त्यांतल्या शेवटच्या खंडात झाकणवाल्या भू-गोगलगायींची नोंद आली. कपाटात हे तीन खंड उभे राहिले आणि विषय पुरा झाला असा आभास निर्माण झाला. वस्तुतः त्यांतली कित्येक वर्णने मूठभर शंखांवर बेतलेली होती. नोंद म्हणजे जातीचा जन्मदाखला. तिचे चरित्र त्यानंतर लिहायचे असते.

चरित्र कसे लिहिले जाते ते दूर मलेशियात पाहायला मिळते. ऑपिस्थोस्टोमाचे गणगोत मलय द्वीपकल्पात आणि बोर्निओत फार मोठे आहे. तिथे चुनखडीचे सुटे सुटे डोंगर आहेत, भर समुद्रात बेटे असावीत तसे. एका डोंगरावरची सूक्ष्म गोगलगाय मधली सपाटी ओलांडून दुसऱ्या डोंगरावर जाऊ शकत नाही, म्हणून डोंगरागणिक जाती वेगळ्या होत गेल्या. बोर्निओजवळच्या लाबुआन बेटावरून १८६५ सालीच 'प्लेक्टोस्टोमा' नावाची एक प्रजाती वर्णिली गेली होती. पुढे ती ऑपिस्थोस्टोमात विलीन झाली, आणि २०१४ मध्ये लिऊ थॉर-सेंग व त्याच्या सहकाऱ्यांनी शंखाचे सूक्ष्म तपशील व जनुके तपासून ती पुन्हा वेगळी काढली. २००८ साली पेराकमधल्या गुनुंग रापात या एकाच डोंगरावर 'ऑपिस्थोस्टोमा व्हर्मिक्युलम' सापडली. तिचा शंख चार वेगवेगळ्या अक्षांभोवती वळतो. शंखाची वाढ एका गणिती वळणाने होते हा शाळेत शिकवला जाणारा नियम या दीड मिलिमीटरच्या जिवाने खुशाल मोडला आहे.

मलेशियाच्या या चरित्रात शोकाचे प्रकरणही आहे. बुकित पांचिंग या डोंगरावरची एक जाती १९५२ साली वर्णिली गेली. आज ती 'प्लेक्टोस्टोमा सायाफिलम' म्हणून ओळखली जाते. चुनखडीसाठी तो डोंगर खणत खणत सपाट केला गेला आणि जाती नष्ट झाली. अन्यत्र एका गोगलगायीला २०१४ मध्ये 'चारोपा लाफार्गी' हे नाव दिले गेले, ते ज्या सिमेंट कंपनीच्या खाणीखाली तिचा डोंगर येतो त्या कंपनीचे. १८६६ मध्ये नावातून आभार मानले जात. २०१४ मध्ये नावातून जबाबदारीची आठवण करून दिली गेली. डोंगर गेला तर जाती जाते, हे तिथे छातीठोकपणे सांगता येते, कारण कोणती जाती कोणत्या डोंगरावर आहे हे कोणीतरी पुन्हापुन्हा जाऊन पाहिले आहे. नाहीसे होणे सिद्ध करायलाही आधी असणे नीट लिहून ठेवावे लागते.

या परदेशी गणगोताची नाळ भारताशी एका विशेष अर्थाने जुळलेली आहे. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनुसार प्रजातीचे नाव तिच्या प्ररूप जातीला बांधलेले असते, आणि ऑपिस्थोस्टोमाची प्ररूप जाती निलगिरीची आहे. उद्या जर असे ठरले की भारतीय आणि मलेशियन गोगलगायी एका प्रजातीच्या नाहीत, तर नाव भारतीयांकडे राहील आणि मलेशियातल्यांना नवे नाव शोधावे लागेल. म्हणजे तिकडच्या साऱ्या इमारतीची कोनशिला पश्चिम घाटाच्या पाचोळ्यात आहे. शिवाय सह्याद्रीची जाती एक वेगळाच प्रश्न उभा करते. निलगिरीचा खडक अतिप्राचीन. उत्तर सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या तप्त लाव्हाखाली कोणताही भूचर जीव टिकणे शक्य नव्हते. म्हणून इथल्या प्रत्येक गोगलगायीचे पूर्वज लाव्हा निवल्यानंतर कुठूनतरी आले असले पाहिजेत. दक्षिणेकडून घाटाच्या कण्याने सरकत आले, की पूर्वेकडून? द्वीपकल्पातले काही जीव मलाया-आसामकडच्या जिवांशी नाते कसे सांगतात, याचा उलगडा करण्यासाठी सुंदरलाल होरा यांनी १९४९ मध्ये सातपुड्याच्या मार्गाचा सिद्धांत मांडला होता. त्यांच्यासमोर प्रामुख्याने ओढ्यांतले मासे होते. ज्या जिवाला एक डांबरी रस्ता ओलांडणे दुरापास्त, त्या जिवाचे नाते अशा प्रश्नात किती मोलाची साक्ष देईल, हे वेगळे सांगायला नको. आणि ती साक्ष रिकामा शंख देऊ शकत नाही. त्यासाठी ताजा जीव लागतो. १८६६ चा धडा इथे पुन्हा लागू पडतो.

हा सारा उद्योग पंडिती वाटेल. म्हणून जमिनीवरचा एक दाखला. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, पंचनामे झाले, आणि गोगलगाय प्रथमच मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली. कृषिखात्याच्या पत्रकांमुळे सर्वांना परिचित झालेली मुठीएवढी शंखी गोगलगाय मूळची आफ्रिकेची. भारतात तिचा प्रवेश कसा झाला हेही नोंदलेले आहे: १८४७ साली विल्यम हेन्री बेन्सन याने मॉरिशसहून आणलेल्या या गोगलगायी कलकत्त्याच्या चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या. हा बेन्सन कोणी ऐरागैरा नव्हता. भारतातल्या कितीतरी भू-गोगलगायींना शास्त्रीय नावे देणारा, त्या पिढीचा तो अग्रगण्य जाणकार. ज्या हाताने देशी जातींची वंशावळ लिहायला घेतली, त्याच हाताने परकी जात अंगणात सोडली. एकाच्या छंदाची किंमत पावणेदोनशे वर्षांनी दुसऱ्याच्या शेताने मोजावी, असे हे प्रकरण आहे.

उपायही तितकेच ठोकळ असतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर टाकून सकाळी गोगलगायी वेचून काढायच्या, किंवा मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकायच्या. वेचणारा हात निदान पाहतो. गोळी पाहत नाही. तिला देशी-परदेशी कळत नाही. शेतकऱ्याने पीक वाचवू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु पश्चिम घाटात भू-गोगलगायींच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जगात अन्यत्र कुठेही नाहीत. पाचोळा कुजवून मातीत मिसळणाऱ्या, पक्ष्यांच्या अंड्यांना लागणारा चुना अन्नसाखळीत आणणाऱ्या या जिवांना 'गोगलगाय' या एकाच शब्दाखाली आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर तो भाषेचा दोष न राहता न्यायाचा दोष होतो. आफ्रिकेची मुठीएवढी शंखी आणि सह्याद्रीची कणीएवढी झाकणवाली यांच्यातले नाते, आधी म्हटल्याप्रमाणे, वटवाघूळ आणि चिमणीइतके दूरचे. हा फरक ओळखू येणे ही चैन नव्हे.

ओळखण्याचे साधन फार महागडे नाही. झाडाखालचा ओंजळभर पाचोळा वाळवून चाळणीने चाळायचा, उरलेला बारीक चुरा पाण्यात टाकायचा; हवा भरलेले रिकामे शंख वर तरंगतात, माती तळाशी बसते. ओल्या कुंचल्याने ते टिपून भिंगाखाली धरायचे. वेढे किती, कण्या किती दाट, नळी कुठे आवळली आहे, तोंडाचा ओठ जाड की पातळ, हे पाहायचे. इथवर शंखाचे काम. पुढे पावसाच्या दिवसांत त्याच जागी परत जाऊन जिवंत जीव शोधायचा, त्याचे डोळे आणि दार पाहायचे. आणि मग प्रयोगशाळेत जनुकांची तपासणी. मेघालयात असेच घडले. तिथल्या मौस्माईच्या परिसरातून बेन्सनने १८५१ साली एक सूक्ष्म गोगलगाय वर्णिली होती. सुमारे १७० वर्षांनंतर निपुकुमार दास आणि एन. ए. अरविंद या अभ्यासकांनी त्याच परिसरातल्या मौस्माई गुहेतून तिची भगिनी-जाती 'जॉरिसा मौस्माएन्सिस' शोधून काढली. जुन्या जातीच्या शेवटच्या वेढ्यावर सात ठळक आडव्या रेषा, नवीवर चार. रोज शेकडो पर्यटक ज्या गुहेतून जातात तिथे ही जाती होती. नव्या प्रदेशाचा शोध तिथे झाला नाही. जुन्या पत्त्यावर कोणीतरी पुन्हा गेले, एवढेच झाले.

ऑपिस्थोस्टोमा फेअरबँकी हे नाव १८६६ पासून पुस्तकांत सुरक्षित आहे. नाव हे पत्त्यासारखे असते. पत्ता लिहून ठेवला म्हणून घरात माणूस आहे असे सिद्ध होत नाही. सह्याद्रीच्या ज्या कड्यांवर रेल्वे चढली, मग महामार्ग चढला, मग द्रुतगती मार्ग चढला आणि बंगल्यांच्या वसाहती चढल्या, तिथल्या कोणत्या घळीत पाचोळा अजून ओला राहतो आणि कोणत्या फटीत ते इवले दार अजून आतून लावलेले आहे, याची खानेसुमारी लंडनच्या कपाटात बसून होणारी नाही. एका परदेशी पाद्र्याला ती इथे राहिल्यामुळे साधली. आपण तर इथलेच आहोत.